जबाबाची चार पानं

कॅन्टीनच्या अकराही टेबलांवर तो जबाब पडलेला होता. चार-चार पानांचे, स्टेपल मारलेले अकरा संच.

पहिल्या चहाला आलेल्यांनी तो वाचला होता. वाचून कुणी उचलून ठेवला नव्हता. नक्कलबाई पोचल्या तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि तोवर तीन टेबलांवर त्याच कागदांवर कप टेकवून चहा पिऊन झाला होता. ओले तपकिरी गोल, बिस्किटाचा चुरा. एका संचावर कुणीतरी दोन ओळींखाली पेनानं रेघा ओढल्या होत्या आणि बाजूला हसरा चेहरा काढला होता.

नक्कलबाईंनी आधी तो चेहरा काढलेला संच उचलला, मग बाकीचे. कोपऱ्यातल्या टेबलावर चौघं अजून बसले होते. त्यातला एक म्हणाला, "अहो बाई, आमचं वाचून व्हायचंय."

"वाचून झालंय तुमचं. लाजायचं तेवढं राहिलंय," बाई म्हणाल्या आणि त्याच्या कोपराखालचा कागद त्यांनी ओढून घेतला.

या कारखान्यात वजनकाटे बनत. प्रत्येक काटा बाहेर पडण्याआधी तपासणीच्या खोलीत जायचा. तिथं काम करणाऱ्या एका बाईनं पाच आठवड्यांपूर्वी विक्रीप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. तिला आपण तक्रारदारच म्हणू. कारखान्यातही हल्ली तिची तेवढीच ओळख उरली होती. विक्रीप्रमुखानं जुन्या गोदामात तिच्याशी काय केलं, ते त्या चार पानांत होतं, तिच्या शब्दांत, एकही गोष्ट न गाळता.

तक्रार समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे कार्मिक विभागाच्या प्रमुख, सगळ्यांच्या ताई. दुसरे भांडार सांभाळणारे काका. तिसरं माणूस बाहेरचं हवं असा नियम, म्हणून नक्कलबाई. त्यांनी एकतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात काढली होती. कागदाच्या प्रती काढायच्या, मूळ कागदाशी ताडायच्या, शिक्का मारायचा. टोपणनाव ऐकून लोकांना वाटायचं, बाई आवाज काढून दाखवतात. तेही त्यांना जमायचं, पण फक्त न्यायाधीशांचे आणि फक्त घरी.

त्यांना फोन केला होता समितीच्या टंकलेखिकेनं. तक्रारींच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. खुर्चीवर तक्रारदार बसली होती. ती रडत नव्हती.

"तीनला सुनावणी आहे. मी येणार नाही," तक्रारदार म्हणाली. "तक्रार मागे घेते. अर्ज लिहून आणलाय."

"हे कुणी केलं ते कळलं तर?"

"कळून काय होणार, बाई? खाली माझ्याकडे बघून कसे हसतात ते बघितलंत ना? उद्या त्याच लोकांबरोबर काम करायचंय मला."

"तीनपर्यंत थांब."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तीनपर्यंत थांबते. मग हा अर्ज ताईंकडे."

बाईंनी टेबलावर एक संच पसरला. तक्रारदारानं तो हातात घेतला नाही, पण मान तिरकी करून वाचला. बघायचं नाही असं ठरवलेलं माणूससुद्धा बघतंच. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"यात 'दोनदा अडवलं' असं आहे. ते चुकलं होतं. तीनदा. मी ते बदलून घेतलं होतं."

"कधी?"

"गुरुवारी," टंकलेखिका म्हणाली. "बुधवारी मी रजेवर होते, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गुरुवारी खोलीची किल्ली ताईंकडून अकराला मिळाली. आम्ही दोघी बरोबरच आत आलो आणि पहिलं कामच ते केलं."

म्हणजे ही प्रत गुरुवारी अकराच्या आधीची होती. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ नेलं. ही झेरॉक्स होती. खाली, मजकूर संपल्यावर, आडवी करडी रेघ. केसाएवढी बारीक. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ. त्यांनी चारही पानं तपासली. चारही पानांवर ती रेघ त्याच जागी होती, तळापासून अंगठाभर वर.

एकतीस वर्षं त्यांनी अशा रेघा पाहिल्या होत्या. यंत्रात ठेवलेला कागद आखूड असला की जिथं तो संपतो तिथं त्याच्या कडेची सावली उमटते. मूळ पानं खालून कापलेली होती.

"जबाब ठेवलेला हा कॉम्प्युटर कोण कोण उघडतं?" त्यांनी विचारलं.

"ताई आणि मी. दोघींचे पासवर्ड वेगळे. काकांनी पासवर्ड घेतलाच नाही. म्हणाले, मी काहीतरी दाबून बसेन." टंकलेखिकेनं नाक पुसलं. "इंटरनेट नाही. पेनड्राइव्हची भोकं बंद केलीत. म्हणून तर सगळे म्हणतात, मीच."

"सगळे म्हणजे कोण?"

"ताईंनी माझ्या निलंबनाचं पत्र तयार केलंय. सहीला मालकांकडे संध्याकाळी जाणार आहे. ताई म्हणाल्या, मला फार वाईट वाटतंय, पण दुसरं कोण असणार?"

बाई खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. गेले पंधरा दिवस ही समिती एकाच कामात गुंतली होती: खासगी फाइली सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं. तीन सॉफ्टवेअरं फुकटच्या चाचणीसाठी आणली होती. त्यांची लांबलचक नावं कुणालाच म्हणता येत नव्हती, म्हणून चित्रांवरून बोलावत. सोमवारी निळं कुलूप बसवलं. बुधवारी दुपारी ते काढून हिरवी ढाल. शुक्रवारी ढाल काढून तिजोरी. फाइली त्याच, कुलूप नवं.

पिशवीतला कागद म्हणजे शनिवारी ताईंनी सहीसाठी पाठवलेला तुलनेचा तक्ता. काकांनी तिन्हींना सगळ्या रकान्यांत दहापैकी दहा दिले होते, निळ्या कुलपाच्या पुढच्या रकान्यात तर अकरा. ताईंनी मात्र एकही रकाना सोडला नव्हता. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं.

निळं कुलूप: फोल्डर दिसत नाही, पण नाव टाकून शोधल्यास सापडतो. गैरसोयीचं. गुण सहा.

हिरवी ढाल: कुलूप भक्कम, वेग चांगला. छापील पानाच्या तळाला पट्टी येते, सेटिंगमधून बंद केली तरी जात नाही. गुण पाच.

तिजोरी: उघडायला फार वेळ. पासवर्ड विसरल्यास फाइली कायमच्या जातात. गुण सात.

बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि ताईंच्या खोलीकडे निघाल्या.

ताईंची खोली स्वच्छ होती. काचेच्या टेबलावर ओल्या पुसण्यांचा डबा, आणि ताई बोलताबोलता एकेक काढून हात पुसत होत्या. मागच्या भिंतीवर पितळी फलक: सलग पाच वर्षं, शून्य तक्रारी, सर्वोत्तम कार्मिक विभाग. सहाव्या वर्षासाठी खाली खिळा ठोकून ठेवला होता.

"मला रात्रभर झोप लागणार नाही आता," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. "किती विश्वासानं बोलली होती ती पोर. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून."

"जबाब तुम्ही कधी छापला होता, ताई?"

"छे, कधीच नाही. त्या फोल्डरमधून मी एक कागदही छापलेला नाही. छापायचं नाही हा नियम माझाच. तिथल्या प्रिंटरमध्ये कागदसुद्धा ठेवू देत नाही मी."

"बुधवारी दुपारी तुम्ही कुठं होता?"

"तो संगणकवाला मुलगा नवं सॉफ्टवेअर बसवून गेला, मग मी वापरून पाहत होते. तक्ता भरायचा होता ना. अर्धवट तक्ता मला चालत नाही."

"एकट्याच?"

"काका होते थोडा वेळ. मग ते चहाला गेले." ताईंनी आणखी एक पुसणी काढली. "बाई, मी तिला मंगळवारीच म्हटलं होतं, बाळा, नोंद होण्याआधी मिटवून टाकू या का? तुझंच भलं आहे. आता बघा काय झालं."

"नोंद कधी होते?"

"सुनावणी सुरू झाली की."

"आणि त्याआधी मागे घेतली तर?"

"तर काही नाही. धरतच नाहीत ती," ताई म्हणाल्या आणि हात पुसत राहिल्या.

काका भांडारात पेटीवर बसून पेपर वाचत होते. बाईंना पाहून त्यांनी त्याची घाईनं घडी घातली. आत जबाबाचा बारावा संच होता.

"हा कुठून आला?"

"टेबलावरचा. म्हणजे, एका टेबलावर दोन पडले होते. कुणाच्या हाती लागू नये म्हणून उचलला."

"आणि दुसऱ्या पानाशी खुणेला आगपेटीची काडी घालून ठेवलीत, ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून?"

काकांचे कान लाल झाले. बाईंनी तो संच त्यांच्या हातातून घेतला. हा माणूस सुनावणीला तिच्यासमोर बसणार होता. बाईंना त्याची अशी शिसारी आली की बोटं साडीला पुसावीशी वाटली.

"बुधवारी ढाल बसवली तेव्हा तुम्ही होता?"

"होतो की. तो मुलगा काय काय दाखवत होता. पान छापलं की खाली पट्टी येते म्हणे, त्यावर छापणाऱ्याचं नाव आणि वेळ. पडद्यावर दाखवली. मी म्हटलं, वा, आणि चहाला गेलो."

"तक्त्यात दहापैकी अकरा कसे दिलेत?"

"अकरा दिले का? बघा, मला त्यातलं काही कळत नाही," काका म्हणाले. निदान हे तरी खरं होतं.

संगणकवाला बाहेरच्या एका एजन्सीचा होता, दहा ऑफिसं सांभाळणारा, खांद्यावर पिशवी, कानात कायम एक वायर. बाईंनी त्याला फोन करून बोलावलं. तो दीड वाजता आला.

"ढालीची पट्टी छापून दाखवली होतीस?"

"नाही. प्रिंटरमध्ये कागदच नव्हता. पडद्यावर दाखवली."

"कुणाला नको असली तर?"

"सेटिंगमधून बंद होते ना. तसं मी ताईंना सांगितलंही."

"तू स्वतः बंद करून पाहिली आहेस?"

त्यानं वायर कानातून काढली. "नाही. माहितीपत्रकात लिहिलंय."

"कोण कधी काय छापतं, याची नोंद ढालीत राहते?"

"राहते. पण शुक्रवारी मी ती काढून टाकली. सॉफ्टवेअर गेलं की नोंदीही गेल्या."

"पुन्हा बसव. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कोरं फोल्डर घेऊन. पट्टी बंद कर आणि एक पान छापून आण."

तो वीस मिनिटांनी पान घेऊन परत आला. त्याचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा होता. बाईंनी पान पाहिलं, दुमडलं आणि पिशवीत टाकलं.

अडीच वाजता तक्रारींच्या खोलीत पाच खुर्च्या भरल्या. ताई, काका, संगणकवाला, टंकलेखिका आणि दाराजवळ तक्रारदार, अर्ज मांडीवर. बाई उभ्याच राहिल्या.

"मला फिरवून बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "ही झेरॉक्स आखूड कागदाची आहे. ही रेघ बघा. मूळ पानांचा तळ कुणीतरी कापला. पानाचा तळ कोण कापेल? तळाला काहीतरी होतं, ते ज्याला नको होतं, तो. निळं कुलूप तळाला काही छापत नाही. तिजोरीही नाही. ढाल छापते: नाव आणि वेळ. म्हणजे पानं ढाल असताना छापली."

"ढाल बुधवार दुपारपासून शुक्रवारपर्यंत होती," संगणकवाला म्हणाला.

"हो. पण यात 'दोनदा' आहे. गुरुवारी अकराला ते 'तीनदा' झालं. गुरुवारी खोली अकरालाच उघडली आणि या दोघी बरोबर आत गेल्या. मग उरली बुधवारची दुपार. त्या दुपारी टंकलेखिका दवाखान्यात होती."

टंकलेखिकेनं तोंडावर हात ठेवला.

"बाई, मग मी नाही हं," काका घाईनं म्हणाले.

"तुम्ही नाही. तुमच्याकडे पासवर्ड नाही. तुमची चूक वेगळी आहे, तिच्याबद्दल नंतर बोलू. या मुलाकडेही पासवर्ड नाही. शिवाय त्याला वाटत होतं की पट्टी बंद करता येते. त्यानं छापलं असतं तर त्याला कळलं असतं की येत नाही."

बाईंनी पिशवीतून दोन कागद काढले. एक आज दुपारी छापून आणलेलं पान, तळाला हिरवी पट्टी असलेलं. दुसरा तक्ता.

"चाचणीच्या ढालीत पट्टी बंदच होत नाही. विकत घेतली तरच होते. हे माहितीपत्रकात नाही. याला माहीत नव्हतं. मला आज दुपारी कळलं. पण शनिवारी कुणीतरी तक्त्यात लिहून ठेवलं होतं: सेटिंगमधून बंद केली तरी जात नाही." त्यांनी तक्ता ताईंसमोर ठेवला. "हे कळायला आधी पट्टी बंद करावी लागते, मग छापावं लागतं. तुम्ही तर त्या फोल्डरमधून एक कागदही छापला नाही, ताई."

ताईंनी तक्त्याकडे पाहिलं. स्वतःच्या अक्षराकडे. त्यांचा हात पुसणीचा डबा शोधायला टेबलावर सरकला, पण तो डबा त्यांच्या खोलीत होता.

"चाचणीसाठी छापलं असेल मी. कोरं काहीतरी," त्या म्हणाल्या.

"मग सकाळी एक कागदही छापला नाही असं का म्हणालात? आणि रिकाम्या प्रिंटरमध्ये कागद कुठून आला? तुम्हीच घातलात. बंद केलेली पट्टी तरी आली, मग कापली. आणि ढालीला दहापैकी पाच दिलेत. तुमचा गुन्हा तिनं लपवू दिला नाही, म्हणून गुण कापलेत तिचे. रकाना रिकामा ठेवायला हवा होता, ताई. पण तुम्हाला ते जमत नाही."

संगणकवाला खाली फरशीकडे बघत होता.

"का पण?" हे तक्रारदारानं विचारलं. आवाज साधा होता, वस्तूचा भाव विचारावा तसा. "विक्रीच्या साहेबांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही गं," ताई पटकन म्हणाल्या, जणू यातच त्यांची निर्दोष सुटका होती. "त्या माणसाशी माझा काही संबंध नाही. मला तो आवडतसुद्धा नाही."

"साहेबांशी संबंध नाही, हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "यांच्या भिंतीवर एक फलक आहे. पाच वर्षं शून्य तक्रारी. सहाव्यासाठी खिळा ठोकून झालाय. सुनावणी सुरू झाली की तक्रार मोजली जाते. मागे घेतली की मोजत नाहीत. मंगळवारी तू मिटवायला नकार दिलास. बुधवारी यांनी छापलं. तू लाजून पळून जाशील याची यांना खात्री होती, कारण तू यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होतीस. किती लाजतेस ते यांनी तिथंच मोजलं."

"मी तिचं वाईट व्हावं म्हणून नाही केलं," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते, आणि किळस यायची ती त्याचीच, कारण ते अश्रू खरे होते. "कारखान्याचं नाव असतं. पाचशे माणसं आहेत इथं. हिचं प्रकरण शांतपणे मिटलं असतं. मी हिला दुसऱ्या विभागात बदलीही देणार होते. बाळा, मी तुझ्यासाठी..."

"मला बाळा म्हणू नका," तक्रारदार म्हणाली.

नक्कलबाईंनी कोर्टात खुनी पाहिले होते, भावाला विष घालणारे पाहिले होते. पण पितळेच्या एका तुकड्यासाठी एका बाईचं अंग अकरा टेबलांवर मांडणारी, आणि वर हात पुसत राहणारी बाई त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना वाटलं, घरी जाऊन आधी अंघोळ करावी.

"अध्यक्षांना बसता येत नसेल तर बाहेरच्या सदस्यानं सुनावणी घ्यावी असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "मी घेईन. काकांच्या जागी दुसरं माणूस मी मालकांकडून मागून घेते, आत्ताच. पण तक्रार ठेवायची की नाही, हे तुझं आहे. तीनपर्यंत थांब म्हटलं होतं, कुणी केलं ते सांगितलं."

घड्याळात पावणेतीन झाले होते. तक्रारदारानं मांडीवरचा अर्ज उचलला. वाचला. मग त्याचे आधी दोन, मग चार तुकडे केले आणि ते पर्समध्ये घातले, कारण त्या खोलीत तिला काही टाकायचं नव्हतं.

"आजवर मला रात्री एकच भीती वाटायची, की हे सगळ्यांना कळलं तर," ती म्हणाली. "आता कळलंय. सगळ्यांनी चहाबरोबर वाचलं. आता त्यांच्याकडे माझ्याबद्दल नवीन काही उरलं नाही." ती उठून कॉम्प्युटरजवळ गेली आणि टंकलेखिकेच्या खांद्यामागे उभी राहिली. "साहेबांना तीनला बोलवा, बाई. मी बोलणार आहे. पण त्याआधी मला दुसरी तक्रार द्यायचीय."

टंकलेखिकेनं नवं पान उघडलं. बोटं कळांवर नेमकी पडत होती. "कुणाविरुद्ध?" तिनं विचारलं, ताई समोर बसलेल्या असताना.

तक्रारदारानं ताईंचं पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. मग बुधवारची दुपार सांगितली, मग ती अकरा टेबलं. ताई मधेच उठल्या, तेव्हा काका दाराशी आडवे झाले, आणि का झाले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन पानं भरली. टंकलेखिकेनं विचारलं, "जतन कुठं करू? तिजोरीत, की दुसऱ्या कुठल्या कुलपात?"

"कुठल्याच नको," तक्रारदार म्हणाली. "बारा प्रती छाप आणि कॅन्टीनमध्ये ठेव."

नियमात ते बसत नव्हतं, हे नक्कलबाईंना माहीत होतं. त्यांनी कपाट उघडून कागदाचं नवं बंडल काढलं आणि प्रिंटरमध्ये घातलं.